वडगाव, २१ डिसेंबर, सकाळी नऊ

उत्तर वर. हे सगळ्यात आधी.
मग छताच्या कडा उचलायच्या,
अख्खा चौकोन तसाच्या तसा
सूर्याच्या उलट अंगाला सरकवायचा,
कोपऱ्याला कोपरा जोडायचा,
आत करडा हॅच, चाळीस टक्के पारदर्शक,
आणि सगळं मागे ढकलायचं, इमारतीखाली,
जणू ते तिथं आधीपासूनच पडून होतं.

आमच्या ऑफिसात सावलीच्या लेयरचं नाव 'नेरळु'.
माझ्या आधीचा मुलगा गोकाकचा.
त्यानं नाव ठेवलं आणि धारवाडला गेला.
बाकी सगळे लेयर इंग्रजी.
मी बदललं नाही.

क्लायंट किणयेकर. तळमजला अधिक तीन,
उंची बारा मीटर, वरची टाकी धरलेली नाही.
मुतगेकर सर म्हणाले, जूनची दाखव, दुपारची,
लहान येते.
एकवीस जून घातला, वेळ साडेबारा,
कारण बेळगावचे बारा घड्याळाच्या बारानंतर
अर्ध्या तासानं वाजतात.
सावली दक्षिणेला पडली, जेमतेम दीड मीटर.
"बाण उलटा लावलास काय ग?"
नाही सर. जूनमध्ये सूर्य आपल्या उत्तरेला जातो.
"आपल्या?"
सरांनी खिडकीतून वर बघितलं.
बाहेर ढग.

मग कुणी सांगितलं नसताना मी डिसेंबर घातला.
सकाळी नऊ.
पंचवीस मीटर, वायव्येला.
कंपाउंड ओलांडून, गटार ओलांडून
इरव्वा हत्तरकीच्या परड्यात.

सर्व्हेच्या दिवशी टेपचं दुसरं टोक
तिनंच धरलं होतं.
मागे पांजणी चाललेली, ताणा पसरलेला
या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत,
खळीचा आंबूस वास,
आणि तिचा नवरा कुंचा फिरवत
उलट्या पावलांनी चालणारा, पायाकडे न बघता.
"खळ ओली राहिली की दोरा दोऱ्याला धरतो,"
म्हणाली, अर्धं मराठी अर्धं कन्नड.
"नऊ ते अकराचं ऊन पायजे.
नंतरचं काय, कापडं वाळवायला."

सर माझ्या खुर्चीमागे उभे होते.
बऱ्याच वेळानं म्हणाले, ट्रिम कर.
आपल्या हद्दीत पडते तेवढीच आपली.

ट्रिम करणं सोपं आहे.
आधी कड दाखवायची, मग नको तो भाग.
कंपाउंडच्या रेषेवर सावली अशी थांबली
जसे कुणी तिथं कागद मागितले तिला.

शीट गेली. किणयेकरांना रंग आवडले.
मी अनडू केलं, एक प्रत काढली
ऑफिसच्याच कागदावर,
आणि सुटल्यावर वडगावात उतरले.

इरव्वानं कागद उलटा धरला. मी सरळ केला.
तिनं पुन्हा फिरवला,
तिचं दार तिच्याकडं येईपर्यंत.
"हे काळं काय?"
नेरळु.
"कुठल्या झाडाचं?"
सांगितलं. ती गप्प. मग करड्या भागावर
बोट ठेवून, ते न उचलता,
"किती वाजेपर्यंत?"

हे मी काढलंच नव्हतं.
प्लॅनमध्ये सावली एकाच वेळेची असते.

दुसऱ्या दिवशी सर साइटवर गेल्यावर
दहा घातले: सोळा मीटर.
अकरा: बारा. उंची तेवढीच सावली,
इमारतच आडवी झोपल्यासारखी,
आणि ताण्याचं पूर्वेचं टोक
अजून तिच्या खाली.

त्याच कागदाच्या पाठीमागे
तीन वेळा, तीन मापं लिहितेय.
तिला वाचता यावीत म्हणून कन्नड आकडे,
बसच्या पाट्या बघून शिकलेले.
दहा जमतात, अकरा जमतात.
नऊ कुठल्या बाजूनं वळतो
ते दर वेळी आठवावं लागतं.