काडतुसांचा रकाना

निवडणूक लागली की हळदोण्याची एर्मेलिंदा बाय
म्हापसा ठाण्यावर रिव्हॉल्वर जमा करायला येते.
उश्यांच्या अभ्र्यात गुंडाळलेलं,
वर पोदेराकडची पावाची पिशवी.
हवालदार लिहितो: नग एक. लष्करी. जुनं.
काडतुसं –
इथं तो मान वर करत नाही,
शून्य काढतो आणि पान उलटतो.

यंदा ती ठाण्याआधी माझ्या दुकानात आली.
"च्यारी, सहा करून दे.
मरायच्या आधी एकदा त्याला मोजायला लावायचंय."

रिव्हॉल्वर नवऱ्याच्या आजोबांचं. तेनेंत होते,
मोझांबिकहून परतले ते दोनच गोष्टी घेऊन,
हिंवताप आणि हे.
घडणीचं नाव आबादी.
मला हसू आलं. नाव आबादी
आणि हिच्या पोटात जाईल असं एक काडतूस
जगातल्या कुठल्या दुकानात उरलेलं नाही.
नऊचं मिळतं. नऊ पूर्णांक एक
कुणी विचारत नाही.

बाजूचं झाकण उघडलं की हिचा घोडा मुका होतो.
चाप ओढा, नुसतं चक्र फिरतं,
एकेक घर समोर येऊन रिकामं उभं राहतं.
बायची मुलं लहानपणी हाच खेळ खेळायची.
ती आता स्विंडनला आहेत.

वहीत माप नव्हतं. मग मेण आणलं
मिलाग्रीसच्या फेस्ताला नवसाचे हातपाय ओततात
त्या बाईकडून,
एका घरात ओतलं, थिजू दिलं, हलकेच ठोकलं:
बाहेर आलं एक बोट,
करंगळीएवढं, नख नसलेलं.
हेच माप. बाकी सगळं अंदाज.

पितळ दुसऱ्याच गोळीचं, लांबीला जास्त.
लेथवर चढवलं, उतरवलं, पुन्हा चढवलं.
दोन रविवार गेले.
एक फाटलं.
एक आत गेलं ते निघेचना, त्याला मी शिव्या दिल्या
आणि मग बापाच्या आठवणीने माफी मागितली,
तो म्हणायचा, हत्याराला शिवी लागते.
शिसं कुस्तोदच्या पागातलं,
जाळं कुजलं तरी मणी उरले होते;
तीस वर्षं मासे बुडवून
आता त्यांना हवेतून जायचं होतं.

नवी दारू हिला सोसणार नाही, हाडं म्हातारी.
काळीच लागते, ती जुनी, धुरकट, सबुरीची.
ती भरताना मी पंखा बंद केला, रेडिओ बंद केला,
बायकोला म्हटलं, माहेरी जाऊन ये.
ती नुसती मागच्या अंगणापर्यंत गेली.

सहा झाली.
पण न वाजवता देणं म्हणजे
न चाखता जेवण वाढणं.
बंद पडलेल्या चिऱ्याच्या खाणीत गेलो दोघं.
मी दोरी बांधून लांबून ओढणार होतो.
बाय म्हणाली, दोरी कशाला,
आणि कानात कापूस घालून, दोन्ही हातांनी,
डोळे मिटून, तिने चाप ओढला.

पांढरा धूर. सडक्या अंड्याचा वास.
समोरच्या तांबड्या भिंतीवरून आवाज परत आला
तो थोडा म्हातारा होऊन आला.
बाय धूर जाईपर्यंत हलली नाही.
"इतकंच?" म्हणाली.
थोड्या वेळाने, "बरं वाटलं."

ठाण्यात मी मागच्या बाकावर बसलो.
नग एक. लष्करी. जुनं.
काडतुसं – पेन शून्यावर टेकलंच होतं.
"पाच," बाय म्हणाली.
हवालदाराने पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं.
"घरं सहा दिसतात."
"एक वाजलं. च्यारीकडे कागद आहे."

त्याने टेबलावर ओतून घेतली, मोजली, पुन्हा मोजली.
तिसऱ्या खेपेला एक घरंगळलं,
खाली कपाटाच्या पायाशी कुठेतरी.
टोपी काढून तो गुडघ्यांवर बसला,
मोबाईलचा उजेड पाडत.

एर्मेलिंदा बायने पिशवीतून एक पाव काढला,
अर्धा मला दिला.
"सावकाश बघ रे पुता," ती टेबलाखाली म्हणाली,
"बस साडेबाराची आहे."