पेवात उतरण्याआधी

"सतरा म्हणजे सतरा,"
तवनाप्पा मुनीम वहीवर अंगठा दाबून सांगतात,
"सोळाच्या मागं, अठराच्या पुढं.
ढिगाची पाळी चुकली की बोली लावणारा
हळद नाही बघत, आपलं तोंड बघतो."

म्हणून मी नुसता शब्दकोश घेतला नाही.
त्याच्यावर माझा एक वर्ग बेतला,
पोटात क्रमाची वेगळी यादी ठेवली:
जो ढीग आधी आला, तो आधी उभा.
सांगलीच्या मार्केट यार्डात दिवसभर
रांग हलली नाही.

रात्री साठवलं. सकाळी उघडलं.
नावं होती, वजनं होती,
दुधगावची राजापुरी भावासकट होती,
आणि सतरा नंबर चाळिसाच्या मागं
चोरासारखा उभा.

मूळ कोशाला गाठोडं बांधता येत होतं,
पण त्यानं आपल्यापुरतंच बांधलं.
यादी मी जोडलेली.
तिलाही बरोबर ने म्हणून
त्याला सांगितलं होतं कुणी?

दुपारी हरिपूरला गेले, उगाच.
महापुरातून वाचलेल्या एका पेवाच्या तोंडाशी
बाबालाल शिकलगार दोरीनं कंदील खाली सोडत होता.
विझला.
दोर वर ओढून तो उकिडवा बसला. घाई नाही.
मी विचारलं, "कुठली हळद आधी टाकली,
ते वर काढताना कळतं?"
"प्याव हळद सांभाळतंय, ताई.
हिशेब न्हाई सांभाळत.
त्यो आपुन टाकतानाच लिवायचा."

परत येऊन दोन कृती लिहिल्या.
जाताना: आधी यादी, मग तिच्या ओळीनं एकेक जोडी.
येताना: रिकामा कोश, हातात यादी,
ज्याला हाक त्यानंच पुढं यायचं.

तीन खोट्या ढिगांची चाचणी आत सोडली.
विझली.
येतानाच्या कृतीत
मूळ कोशालाच उठवायचं राहिलं होतं;
मी थेट यादी वाचत सुटलेले.
ते दुरुस्त केलं, थोडी थांबले, पुन्हा सोडली.
तळाशी गेली, तरी जळत राहिली.

दुसऱ्या दिवशी सौद्याआधी
तवनाप्पांनी चष्मा कपाळावर चढवला.
"सोळा?"
"सोळा."
"सतरा?"
मी पडदा त्यांच्याकडं वळवला.
हूं म्हणाले,
पेन्सिलीचं टोक जिभेवर ओलं केलं,
आणि सतरा नंबर
वहीतही लिहून घेतला.