गाठ राहिली

साखर पेठेत पॉवरलूमच्या शेडवर
आमची रात्रशाळा.
बारावी, मराठी, सव्वासात ते आठ.
खाली माग चालू असतात,
म्हणून प्रेमकविता मला ओरडून शिकवावी लागते.

कवी अज्ञात. काळ अंदाजे.
नायिका प्रोषितभर्तृका.
"म्हंजे काय ओ सर?"
जिचा नवरा परगावी आहे, ती.
नागमणी चिलवेरी बोटांवर मोजते.
"आमच्या बोळात सात हाईत.
त्याला एवढा मोठा शब्द हाय, म्हाईतच नव्हतं."

फळ्यावर लिहितो :
चंद्र नव्हे हा, कुणी ठेवला पेटता निखारा.
अपन्हुती. उपमेय नाकारायचं,
त्याच्या जागी उपमान बसवायचं.
दोन गुण हमखास.
मागून श्रीशैल कुडल : "चंद्र भाजतो कसा बे..."
जीभ चावतो. "कसा ओ सर?"
मी अठरा वर्षांची टिपणं उलटतो.
तोवर नागमणी म्हणते,
"मे महिन्यात पत्र्यावर झोपून बघ, एकटी."
"एकटा," तो सुधारतो.
"एकटीच," ती म्हणते.
वर्ग हसतो. मग हसायचा थांबतो.
लिंगाची चूक
मीही दुरुस्त केली नाही.

पुढे. नायिका हार गुंफते आहे.
शेवटची ओळ :
दोरा सरला सखे, गाठ राहिली.
भाव : विरह. रस : विप्रलंभ शृंगार.
मध्यवर्ती कल्पना : प्रतीक्षा.
लिहून घ्या.

ती लिहून घेत नाही.
दिवसाला हजार विड्या वळणारी बाई,
वय एक्केचाळीस, सतरा नंबरचा फॉर्म,
नखांत तंबाखू, बोटाला दोऱ्याचा बारीक काप.
"सर, ह्ये चुकलंय.
दोरा सरल्यावर गाठ कशी राहील?
गाठ मारायलाच दोरा लागतो की.
माझी रोज येक-दोन विडी तशीच सुटते."

मी तोंड उघडतो. खाली माग खटखटतात.

"हां," ती स्वतःशीच म्हणते,
"राहिली म्हंजे राहून गेली.
मारायची राहिली.
आन् त्येची-तिची पण."

श्लेष.
माझ्या टिपणांत तो नव्हता.
अठरा बॅचेस या ओळीवरून गेल्या,
मी त्यांना फुलं दाखवत राहिलो.

"पण सर, ती दिवसभर काम काय करती?
हार तर घटकाभराचा.
पाणी कोण भरतं, पोरं कोणाकडं?
कवीनं लिहिलं नाही का, त्येला म्हाईत नव्हतं?"
परीक्षेत येणार नाही, मी म्हणालो.
हे उत्तर मला
घरी जाताना कन्ना चौकापर्यंत चावलं.

तिचा नवरा भिवंडीला, चार वर्षं झाली.
पैसे येतात, कधी येत नाहीत.
एकदा सहज विचारलं, कसा माणूस आहे?
सूप झटकावं तसा तिनं हात झटकला :
"त्येंच्यासारखे त्येच."
अनन्वय, माझ्या डोक्यात घंटा वाजली.
ज्याला दुसरं उपमान सापडत नाही.
स्तुती की शिवी, ते काही कळलं नाही.
पुस्तकात फक्त स्तुतीचं उदाहरण आहे.

मार्चमध्ये पेपर झाला.
काव्यसौंदर्य, गुण चार. तिला किती पडले
ते गुणपत्रिका वेगळं सांगत नाही.
एकूण बेचाळीस.
तपासणाऱ्यानं गाठ पाहिली असेल,
नसेल.

पुस्तक परत आणून दिलं तिनं,
वर कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पुडी.
पानांना तंबाखूचा वास.
त्या कवितेच्या समासात
पेन्सिलीनं तेलुगूत दोन ओळी,
अक्षरं गोल गोल, एकेक गाठ मारल्यासारखी.
(सारखी आलं. उपमा.)

मला तेलुगू येत नाही.
शेजारी विचारता येईल, अर्धी पेठ वाचू शकते.
पुस्तक यंदाही वर्गात नेतो,
ते पान उघडतो,
आणि ओरडून म्हणतो, लिहून घ्या.