मला येत नाही असं धरून

चिल्क्याची परेड झाली तेव्हा वाटलं,
संपलं एकदाचं.
चिखल, रायफल, पहाटे चारची शिट्टी.
दर्पणाच्या पायाची दोन नखं काळी पडलेली,
आणि सफेद गणवेशातला तिचा फोटो
हिने कॅलेंडर काढून त्याच खिळ्यावर टांगलेला.

खरं पुढेच असतं
हे कुणी सांगितलं नव्हतं.
आता लोणावळा. धुकं, वर्ग, वह्या.
पळून थकलेलं शरीर रात्रीत भरून येतं,
न समजलेला धडा सकाळी तिथेच असतो.

फोन रविवारी. दहा मिनिटं.
मोटारींच्या तिकिटांमागे मी लिहून ठेवतो
काय बोलायचं ते:
सुपारी उतरवली. मांजरीला तीन पिल्लं.
दिवाडीची बेनविंदा तुझी चौकशी करत होती.
मग एक रेघ.
रेघेखाली, जे बोलायचं नाही ते:
आईची साखर. तांबू कुत्रा गेला.
तुझ्या खोलीतला दिवा मी रोज लावतो.

चौथ्या रविवारी ती आधी बोललीच नाही.
मग म्हणाली, "बाबा, डिझेलच्या पेपरात गेले.
तीन गुणांनी.
पुन्हा गेले तर मागच्या बॅचला टाकतील."
तिच्यामागे कोणी पोरगी ओरडत होती,
आटप, आटप.

ये घरी.
अगदी दातापर्यंत आलं होतं.
काकाचं दुकान आहे डिचोलीत, हिशेब सांभाळ,
कोण काय म्हणतंय?
तेवढ्यात पलीकडच्या धक्क्यावर
पदेराने पोंगा वाजवला,
पाव थंड होतात, बोट आणा.

मी म्हटलं, बाय, एक सांग.
इंजेक्टर म्हणजे नेमकं काय गं?

सव्वीस वर्षं मी या फेरीबोटीच्या पोटात.
नार्वे ते दिवाडी, दिवाडी ते नार्वे,
पाच मिनिटांच्या पाण्यावर अख्खी नोकरी.
पंख्यात गवत अडकलं तर तळपायाला कळतं.
नोझल थेंब गाळायला लागली
की मी वर न बघता सांगतो, धूर काळा आहे.

"बाबा, तुला माहीत आहे ते."
हाताला माहीत आहे, मी म्हटलं. मला नाही.
तू सांग.

तिने सांगायला घेतलं. आधी घाईने,
मग शाळेत कविता म्हणायची त्या आवाजात.
पंपाचा दाब, बारीक भोकं, सुई.
म्हणाली, सुईला स्प्रिंग उचलते.
मी दुरुस्त केलं नाही.
विचारलं, मग बंद कोण करतं?

गप्प.
इतकी गप्प की मला लोणावळ्याचा पाऊस ऐकू आला.
"थांब... उलट. दाब उचलतो.
स्प्रिंग बसवते."
असं होय, मी म्हटलं,
जणू आजच कळलं.

तेव्हापासून दर रविवारी एक भाग.
पाणी फिरवणारा पंप, वंगण, गव्हर्नर.
ही चिडते: पोर जेवली का विचारलंत?
सगळी दहा मिनिटं इंजिनालाच.
म्हणून शेवटची दोन आता हिची,
त्यात फक्त भाताची चौकशी,
आणि थोडं नुसतंच कानाला लावून धरणं.

फेरपरीक्षा गुरुवारी आहे.
परवा फोन ठेवता ठेवता तिने विचारलं,
"बाबा, आपल्या बोटीचं टायमिंग किती डिग्री?"
विचारलं सहज. की परीक्षा घेतली माझी, देव जाणे.
मला येत नव्हतं.
या खेपेला खरंच.

शेवटची फेरी झाल्यावर खाली उतरलो.
रॉकेलचा बोळा घेऊन पाटी घासली.
हिरवा रंग निघाला, त्याखाली करडा,
त्याखाली माझ्याआधीच्या कुणीतरी दिलेला लाल.
मग आकडा.

तिकिटामागे लिहून घेतला,
रेघेच्या वर.