कसाची रेघ

बुधवारी, जुन्या बाजारात,
कुलपं, नळाच्या चाव्या, बंद पडलेले मीटर
यांच्या शेजारी बिस्किटांच्या डब्यात
हा ब्रोच पडला होता.
पितळी फांदी, सात निळे खडे,
आठवं घर रिकामं.
"साठ," मैनुद्दीन म्हणाला,
आणि मी तोंड उघडायच्या आत,
"चाळीस द्या. बराच वेळ बघताय."

बसमध्ये उलटा करून पाहिला.
मागे मुंगीच्या अक्षरात: चेकोस्लोव्हाकिया.
तो देश नकाशावरून उतरला.
पिन अजून खटकन बसते.

कुणी लावला असेल?
कॅम्पातल्या एखाद्या मिस डिमेलोनं,
गॅदरिंगला पियानोवर बसताना?
की मुन्सफाच्या बायकोनं, नऊवारीच्या पदराला,
सासूची पाठ वळल्यावर?
अंदाजाला पैसे पडत नाहीत.
खऱ्या दागिन्याला वजन असतं, वारस असतात,
लॉकर असतो, आणि दोन भावांतला
वीस वर्षांचा अबोला.
याच्यासाठी कुणी भांडलं नाही
म्हणून तर हा अख्खा आला माझ्यापर्यंत.
जवळजवळ अख्खा.

रविवार पेठेत, जिन्याखालच्या दुकानात
दहिवाळांनी डोळ्याला भिंग लावलं.
"नखं वळवून बसवलेत खडे, डिंकाचं काम नाही.
मन लावून खोटं केलंय."
मग ड्रॉवर, ड्रॉवरात पुड्या, पुडीत पुड्या.
पन्नास निळे निघाले, हा निळा नाही.
"खऱ्याला जोड मिळते हो," ते म्हणाले,
"याची नाही मिळत."

त्यांचे वडील सोन्याचे कारागीर.
चौदा कॅरेटचा कायदा आला त्या वर्षी
शेगडी गार, फुंकणी भिंतीला टेकलेली.
तीन महिने नुसते बसून राहिले,
मग तुळशीबागेतून कुणी सांगितले
डझनभर तोडे, पितळेचे.
पहिला तोडा झाला त्या रात्री
आईकडे पाठ करून जेवले.
"पण नक्षी तीच काढायचे.
हाताला कुठं कळतं, धातू कुठला."

बिलांवर एक काळा दगड होता.
वडिलांची कसोटी.
मी म्हटलं, घासून बघा ना.
ते हसले. पण घासला.
बारीक, पिवळी रेघ उठली.
"आता यावर तेजाबाचा थेंब.
खोटी असली तर उडते."
बाटली केव्हाच वाळलेली.

आठव्या घरात
हिरव्याकडे किंचित झुकलेला निळा बसला.
वीस रुपये झाले.
रेघ पुसायला त्यांनी फडकं उचललं,
मग दगड तसाच ठेवला बिलांवर,
रेघेची बाजू वर.