पान एकोणीस

सांगलीहून निघताना हातात छत्तीस पानं होती.
जत मागे टाकून केंद्राच्या फाटकाशी पोचले
तेव्हा वरची दोन घामानं चिकटलेली.

पाटीवरचा 'प्रा' उडालाय,
उरलंय थमिक आरोग्य केंद्र.
खाली बाकावर एक धनगरीण, मांडीवर पोर,
पोराच्या मुठीत ओलं बिस्कीट.

पान चार. इमारत.
छत: आहे.
गळती: दोन वर्षं पाऊसच नाही, सांगता येत नाही.
पाणी: मंगळवारी.

पान अकरा. मनुष्यबळ.
वैद्यकीय अधिकारी, मंजूर पदं दोन.
एक मिरजेला प्रतिनियुक्तीवर, पगार इथं निघतो.
दुसरे आज कोर्टात,
शवविच्छेदनाच्या साक्षीला.
औषधनिर्माता: रिक्त.
कपाटाची किल्ली शिपाई शिद्राम हत्ताळींच्या करदोट्याला.
ते गोळ्या रंगावरून ओळखतात
आणि चुकत नाहीत,
असं तेच म्हणाले.

मालन ऐवळे, आरोग्य सेविका, माझ्यापुढे चालत होत्या
एकेक दार उघडत,
भाडेकरूला खोली दाखवावी तशा,
कमी बोलत.

पान एकोणीस. प्रसूती कक्ष.
नवजात बाळाला ऊब देणारं यंत्र.
टेबलावर वाकवलेली सळई,
सळईला दोनशेचा पिवळा बल्ब,
बल्बमागे जुन्या परातीचा कापलेला तुकडा.
थंडीत सात बाळं या उजेडाखाली तगली.
मला भरूनच आलं थोडं.
'आहे'च्या चौकटीवर पेन टेकवलं.

त्यांनी माझं मनगट धरलं.
"न्हाई लिवा, मॅडम.
मागच्या बारीला एक सायेब आलते,
असंच खूश झाले, आहे लिवून गेले.
तवापासनं तीन वर्सं
कागदावर आमच्याकडं हाय."

बल्ब कुठून आणता, विचारलं.
त्या पुढच्या दाराकडे वळल्या होत्या.

'नाही' लिहायला मला जरा वेळ लागला.
सळई अजून कोमट होती.

पान वीस. वजनकाटा.
रिकाम्या झोळीत काटा दोनशे ग्रॅमवर उभा.
"वजा करते मी. सवय हाय."
धनगरणीचं पोर झोळीत घातलं.
रडलं, पण बिस्कीट सोडेना.
काटा सहा किलो चारशेवर थांबला.
मालनताईंनी वहीत लिहिलं, सहा दोनशे.
मग पोराच्या मुठीकडे बघितलं,
खोडलं,
सहा किलो एकशे नव्वद.