पाठीवरचं ठिगळ

डबा माझ्याकडे येतो तो बहुधा मंगळवार असतो.
बिस्किटांचा, गोल, निळा; झाकणावरची पवनचक्की
हात लागून लागून पुसली, नुसता दांडा उरलाय.
वरळीहून हिराकांत भांजी स्कूटरवर घेऊन येतो,
काळाचौकीचे तीन मजले चढतो,
चहा नको म्हणत चहा पितो
आणि बशीही तोच विसळून ठेवतो.

नियम एकच. एक घ्यायचं, एक ठेवायचं.
हातानं केलेलं, नाहीतर डोळ्यांनी टिपलेलं,
नाहीतर नुसतंच आठवलेलं, कागदावर उतरवून.
अकरा जण आहोत. चौघांना मी पाहिलेलंसुद्धा नाही,
पण गोराईच्या एस्परान्सचा क्रोशा
हजारात ओळखीन: घट्ट, ओठ मिटून घातलेला.
मुलुंडचे टिपणीस काड्यापेटीतल्या काड्यांची होडी करतात,
गुलं आधी खरवडतात. "घरात नात आहे," अशी चिठ्ठी, दर वेळी.

मागे कुणी नाव न घालता लिहिलं होतं:
भायखळ्याच्या आमच्या खोलीत दुपारी उन्हाचा
एकच चौकोन यायचा, ताटाएवढा.
आई त्यात पापड वाळवायची.
चौकोन सरकेल तसे पापड सरकवायची.
ती चिठ्ठी मी घेतली.
आमच्याकडे तेवढंही ऊन येत नाही.

आज सगळ्यात वर फोटो होता. नसीम मुकादमांचा, माझगावच्या.
गोदीत जन्मभर क्रेन चालवली त्यांनी,
अजून जग वरूनच बघतात.
हा किल्ल्यावरून काढलाय, शिवडीचा चिखल,
रोहित पक्षी लांबवर, गुलाबी, धुरकट,
कुणी गुलाल फुंकून दिल्यासारखे.
खाली धक्क्यावर एक माणूस. पाठमोरा.
निळा सदरा. उजव्या खांद्याखाली
पट्ट्यापट्ट्यांचं ठिगळ.

चष्मा पुसला. मग पदरानं फोटो पुसला.
गादीच्या खोळीचं कापड होतं ते, मीच लावलेलं.
चिडला होता, लोक हसतील म्हणून.
मी म्हटलं, पाठीवर आहे, तुला कुठे दिसतंय?
आणि त्या फेब्रुवारीत सकाळ-सकाळ निघायचा,
सांगायचा, पेन्शनच्या कचेरीत रांग फार.
दुपारी यायचा. चपलांना राखाडी चिखल.
मी विचारलं नाही. कचेरीपुढे खणलं असेल, म्हटलं,
मुंबईत कुठे खणलेलं नसतं?

सदरा मी दिवाळीच्या आधी बोहारणीला दिला,
आणखी दोन साड्या घालून, एका पातेल्यावर.
त्या पातेल्यात रोज दूध तापतं.

फोटोच्या मागे मुकादमांचं बारीक अक्षर:
"ओहोटी. पक्षी नीट आले नाहीत."

घेतला का? हातात धरून बसले दिवे लागेपर्यंत.
मग वाटलं, एस्परान्सनं बघावा, टिपणिसांच्या नातीनं बघावा,
ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही त्यांनी बघावा
एक माणूस पक्षी बघताना.
खाली पेन्सिलनं लिहिलं, माणूस नीट आलाय.
घेतली ती होडी, शिडाची काडी मोडलेली.
ठेवला खोळीचा उरलेला तुकडा,
कडा दुमडून, उलटी टीप घालून.
कशासाठी ते ज्यानं त्यानं ठरवावं.

गुरुवारी हिराकांत डबा न्यायला आला.
बशी विसळत होता तेव्हा विचारलं,
"फेब्रुवारीत ओहोटी कितीला असते रे?"
हसला. "काकी, ती काय कचेरी आहे?
रोज पाऊण-एक तास पुढे सरकते."
"मग आदल्या दिवशी सांगत जा," म्हटलं,
आणि झाकण घट्ट बसवून दिलं.